ताट दाखव बरं!

जुलै महिना लागला की नाशिकच्या माझ्या दवाखान्यात एक ठरावीक दृश्य दिसू लागते. सप्टेंबरात शिक्षणासाठी परदेशी निघालेला एखादा तरुण लसीकरणाची नोंद किंवा औषधांची चिठ्ठी मागण्यासाठी येतो. सोबत आजी किंवा आजोबा असतात. मुलाचे काम पाच मिनिटांत आटोपते, परंतु आजी उठत नाहीत. पिशवीतून घडी घातलेला कागद काढतात आणि विचारतात, ‘‘डॉक्टर, याच्याबरोबर खायला काय काय देऊ?’’

या प्रश्नाचे उत्तर काही वर्षांपूर्वी मी मोठ्या आत्मविश्वासाने देत असे. आता जरा थांबून देते. कारण माझीच लेक सप्टेंबर २०२३ मध्ये शिकायला लंडनला गेली, तेव्हा डॉक्टर असूनही मी जे चुकले, ते तुम्ही चुकू नये असे वाटते.

आमची तयारी जय्यत होती. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे लेकीच्या आजीने, वयाच्या ऐंशीव्या वर्षी स्वतः उभे राहून भाजणी भाजली, मेतकूट दळून आणले, गोडा मसाला कुटून घेतला. कोंडाजीचा चिवडा तर नाशिककराच्या बॅगेत असतोच. मी औषधांची पेटी भरली: पॅरासिटामॉल, जलसंजीवनीची पाकिटे, सर्दीच्या गोळ्या, पट्ट्या, मलम. प्रत्येकावर मराठीत चिठ्ठी चिकटवली. बॅगेचे वजन तीनदा केले. मुंबईच्या विमानतळावर तिला निरोप दिला आणि कसाऱ्याचा घाट चढताना मी मनाशी म्हटले, काही राहिले नाही.

‘जेवलीस का?’

रोज रात्री फोन होत असे. मी विचारी, ‘‘जेवलीस का?’’ ती म्हणे, ‘‘हो.’’ मग अभ्यास, हवा, थंडी. चार महिने हाच संवाद झाला. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी भुयारी रेल्वेच्या जिन्यावर तिला भोवळ आली. सोबतच्या मैत्रिणीने सावरले, बसवले, डॉक्टरांकडे नेले. आम्हाला ही हकीकत तीन दिवसांनी कळली. तपासणीचा कागद तिने पाठवला. हिमोग्लोबिन ८.६ होते. लोहाचा साठा जवळपास संपलेला होता.

तेव्हा मी पहिल्यांदा विचारले, ‘‘तू खातेस तरी काय?’’ उत्तर सरळ होते. सकाळी चहा-बिस्किटे. दुपारी वर्गांच्या धावपळीत एखादे सँडविच, नाहीतर पुन्हा चहा. रात्री पाकिटातले नूडल्स. चिवडा ऑक्टोबरातच संपला होता. भाजणी आणि मेतकूट मात्र जसेच्या तसे होते, कारण त्यांचे करायचे काय, हे तिला माहीत नव्हते. माझा दवाखाना आणि आजीचे स्वयंपाकघर यांच्यामध्ये वाढलेल्या मुलीला वरणाला फोडणी देता येत नव्हती. ‘जेवलीस का’ याला तिने दिलेला होकार खोटा नव्हता. प्रश्नच अपुरा होता.

दवाखान्यात कोणी ‘जेवण व्यवस्थित आहे’ म्हणाले, तर मी कधीच तेवढ्यावर थांबत नाही. काल सकाळपासून काय खाल्ले ते क्रमाने सांगा, असे विचारते. घरी तेवढे सुचले नाही.

साडेसातची पंगत

उपाय माझ्या सासूबाईंना सुचला. त्यांनी फोन हाती घेतला आणि म्हणाल्या, ‘‘बाळा, उद्यापासून साडेसातला मी जेवायला बसते, तेव्हा तूही बसायचं. आणि मला ताट दाखव बरं!’’ आमच्याकडचे रात्रीचे साडेसात म्हणजे हिवाळ्यात लंडनचे दुपारचे दोन. त्या वेळेला तिचे वर्ग संपत. खोलीवर येऊन ती फोन भिंतीला टेकवून ठेवी आणि इकडे आजी ताटाशेजारी आपला फोन पाण्याच्या तांब्याला टेकवीत.

पहिले काही दिवस शिकवणी चालली. मुगाच्या डाळीची खिचडी, मग पिठले, मग मसुराची आमटी. मसूर डाळ तिकडच्या कुठल्याही मोठ्या दुकानात मिळते, हे लेकीने शोधून काढले. उकडलेल्या छोल्यांचे डबे, गोठवलेले मटार आणि पालकही स्वस्त असतात. एका संध्याकाळी मोहरी-हिंगाची फोडणी इतकी खमंग झाली, की वसतिगृहाचा धुराचा भोंगा वाजला आणि चाळीस मुले कोट घालून रस्त्यावर आली! तेव्हापासून पंखा आधी, तेल नंतर आणि फोडणीवर ताबडतोब झाकण, असा आजींचा नियम ठरला.

त्या फोनवरून मला आणखी एक गोष्ट समजली आणि ती अधिक बोचली. आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या ताई एकदा हळूच म्हणाल्या, ‘‘मॅडम, आजी आता भाकरी पूर्ण खातात. मधे चार महिने अर्धी परत यायची.’’ नात गेल्यापासून सासूबाईंची भूक मंदावली होती. मी दवाखान्यातून नऊला येई, त्या ‘जेवले मी’ म्हणत, आणि मी त्यावर विश्वास ठेवी. वजन केले तेव्हा जवळजवळ चार किलो उतरलेले निघाले. म्हातारपणी विनाकारण वजन उतरणे ही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नव्हे. तपासण्या केल्या, सुदैवाने दुसरे काही निघाले नाही. एकटीने ताटावर बसणे, एवढेच कारण होते. ज्यांच्या घरात वृद्ध माणसे आहेत, त्यांनी हा परिच्छेद कृपया पुन्हा वाचावा.

लंडनमध्ये पायी पायी

एप्रिल २०२४ मध्ये आम्ही दोघे नवरा-बायको लेकीला भेटायला गेलो. सासूबाई गुडघ्यांमुळे आल्या नाहीत. पण रोज साडेसातला त्या आमच्याबरोबर असतच. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर पुढे सरकतात, त्यामुळे आता त्यांची साडेसातची वेळ लेकीच्या तीनला येत होती. यावर त्यांची तक्रार होती, ‘‘सूर्य तोच, मग घड्याळ कसं हललं?’’

आल्यावर लेकीचा चेहरा पाहिला. गोळ्यांना अडीच महिने झाले होते, ओठांना रंग आला होता. विमानतळावरून खोलीवर गेलो, तर तिने आमच्यासाठी मसुराची आमटी, भात आणि लिंबू ठेवले होते. फळांच्या वाडग्यात हिरवी द्राक्षे होती. ती म्हणाली, ‘‘आई, पाकिटावर बघ.’’ उगमस्थान भारत, असे लिहिलेले. जानेवारी ते एप्रिल आपल्या जिल्ह्यातील द्राक्षे युरोपच्या बाजारात जातात हे नाशिककराला ठाऊक असते, पण ती दुसऱ्या टोकाला पाहण्यात वेगळीच गंमत होती.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला आपल्या आवडत्या रस्त्याने नेले. चॉक फार्म स्थानकावर उतरून काही मिनिटे चालले की किंग हेन्रीज रोड लागतो. तिथल्या दहा क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर घेतले आणि तेथे स्मारक झाले. साध्या वस्तीतले, शेजाऱ्यांना चिकटलेले घर. त्या खोल्यांत उभे असताना मला धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रातील वर्णन आठवले. लंडनमधील विद्यार्थिदशेत बाबासाहेबांचा आहार किती तुटपुंजा होता! सकाळी चहाबरोबर पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनगृहात वाचन, आणि रात्री वाचता वाचता भूक लागली की भाजलेले पापड. त्यांच्याजवळ पैसा नव्हता आणि वेळ त्याहून कमी होता. तरीही १९२३ पर्यंत त्यांनी लंडनची डी.एससी. आणि बॅरिस्टरी दोन्ही मिळवली.

तिथेच मला आनंदीबाई जोशीही आठवल्या. १८८३ मध्ये अठराव्या वर्षी त्या अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि क्षयाने खंगून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वय बावीससुद्धा पूर्ण नव्हते. परदेशी शिकायला गेलेल्या आपल्या या पूर्वसुरींची जिद्द आपण मुलांना अवश्य सांगतो. पण उपासमार ही जिद्दीची अट नव्हती, ती परिस्थिती होती, हेही सांगायला हवे. ज्या मुलांना दोन वेळचे अन्न परवडते, त्यांनी ते न खाणे यात कोणताही पराक्रम नाही. लेकीला हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण ती म्हणाली, ‘‘आई, आता खातेय गं मी!’’

घरापासून थोड्याच अंतरावर प्रिमरोझ हिल ही टेकडी आहे. पांडवलेणी चढणाऱ्याला ती टेकाड वाटेल. उंची जेमतेम ६० मीटरच्या वर. परंतु माथ्यावरून सारे लंडन दिसते आणि बसायला बाके आहेत. हिवाळ्यात लंडनला सूर्य दुपारी चारच्या आत मावळतो. लेकीने सांगितले, ‘‘डिसेंबरात मी अंधारात जायचे आणि अंधारात यायचे. कशातच मन लागेना.’’ आजारानंतर तिने नेम केला: दर रविवारी सकाळी, प्रकाश असतानाच, एका नव्या ठिकाणी पायी जायचे. सकाळचा उजेड, चालणे आणि माणसांचे दर्शन यांनी मनाची मरगळ हटते, हे मी रुग्णांना नेहमी सांगते. परदेशी एकट्या राहणाऱ्या मुलांना स्थलदर्शन ही चैन नव्हे, ती प्रकृतीची गरज आहे.

यासाठी पैसा लागतोच असे नाही. लंडनमधील ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, विज्ञान व निसर्गविज्ञानाची संग्रहालये यांच्या मुख्य दालनांना प्रवेशशुल्क नाही. हायगेट भागात ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू या घरावर सावरकरांच्या वास्तव्याची निळी पाटी आहे. भगूरचा विद्यार्थी १९०६ मध्ये येथे आला होता, हे नाशिककराने रस्त्यावर उभे राहून वाचायला काहीच खर्च नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये आम्ही अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे पाहिली, दमलो, आणि पंधरा-वीस मिनिटे चालत यूस्टन स्थानकामागच्या ड्रमंड स्ट्रीटवर पोहोचलो. त्या छोट्या रस्त्यावर भारतीय शाकाहारी खाणावळी कित्येक दशके आहेत. भेळ खाल्ली. ती आपल्या भेळेसारखी नव्हती, पण नवऱ्याने दोनदा मागवली.

शेवटच्या दिवशी ग्रिनिचला गेलो. शून्य रेखावृत्त तेथून जाते. लेकीने तिथून आजीला फोन लावला आणि घड्याळाच्या तक्रारीचे उत्तर दिले: नाशिक येथून सुमारे ७३.८ अंश पूर्वेला आहे, म्हणून सूर्य आपल्याकडे ४ तास ५५ मिनिटे आधी पोहोचतो. बाकीची ओढाताण माणसांनी ठरवलेली. आजी क्षणभर विचार करून म्हणाल्या, ‘‘म्हणजे मी तुझ्याआधी पाच तास उठते. मग माझं ऐकायलाच हवं.’’

जाण्यापूर्वी: आजी-आजोबांसाठी काही सूचना

आता तुमच्या कागदावरच्या प्रश्नाकडे येते.

*बॅगेत काय द्यावे?* जे त्याला स्वतःला शिजवता येते, तेवढेच. भाजणी देणार असाल तर आधी त्याच्या हातून चार थालीपिठे लावून घ्या. मेतकूट, कोरडी चटणी, गोडा मसाला हे टिकणारे आणि उपयोगी. आळीव लोहाने समृद्ध आहेत. ते कसे भिजवायचे तेही दाखवा. एक लहानसा कुकर द्यावा, मात्र तो विजेच्या शेगडीवर चालणारा असावा. लहान लोखंडी कढईने जेवणातले लोह थोडे वाढते, वजन परवडत असेल तर तीही द्यावी.

*काय देऊ नये?* भारतातून ब्रिटनमध्ये मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा, पनीर, तूप घरीच ठेवा. विमान आखाती देशातून जाणार असेल तर खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, आणि अनारशांवर ती असते हे आपण सहज विसरतो. काही वेदनाशामक औषधांवरही तेथे कडक नियम आहेत. प्रत्येक औषध मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावे. नियम देशागणिक निराळे असतात आणि बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ते पुन्हा पाहावेत.

*काय शिकवावे?* पाच पदार्थ पुरेत: वरण-भात, खिचडी, एक उसळ, पिठले, आणि कोणतीही एक भाजी. मुलगा असो वा मुलगी. जाण्यापूर्वीच्या महिन्यात आठवड्यातून दोनदा घरच्यांना त्याने जेवू घालावे. पहिल्या आठवड्यात भात करपेल. तो न बोलता खावा.

*चहाचे काय?* जेवताना किंवा जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातले लोह कमी शोषले जाते. तासाभराचे अंतर ठेवावे. उलट, आमटीवर लिंबू पिळले की लोह अधिक शोषले जाते. हे नातवंडांइतकेच आपल्यालाही लागू आहे.

*पाणी.* लंडनमध्ये नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, बाटलीबंद पाण्यावर खर्च नको. परंतु थंडीत तहान लागत नाही. बद्धकोष्ठता, डोकेदुखी, लघवीची जळजळ घेऊन परतलेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत. लघवीचा रंग गडद दिसला की पाणी कमी पडते आहे, एवढी खूण सांगून ठेवा.

*मद्याविषयी बोला.* हा विषय आजी-आजोबा टाळतात. तिकडे अठराव्या वर्षानंतर मद्यपानाला कायद्याची आडकाठी नाही आणि विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत आग्रह होतोच. ‘घेऊ नकोस’ हे सांगाच, पण तेवढ्यावर थांबू नका. नाही म्हणायला कारण द्यावे लागत नाही, आपला पेला नजरेआड ठेवू नये, उपाशीपोटी कधीच नाही, आणि अडचण आलीच तर कोणत्याही वेळी घरी फोन करावा, ओरडा बसणार नाही, हेही सांगा. आणि तो शब्द पाळा.

*बाहेर खाताना.* शाकाहारी मुलांनी वेष्टनावरची शाकाहाराची खूण पाहावी. काही गोळ्या-मिठायांत जिलेटिन असते. शेंगदाणे, दूध किंवा अन्य कशाची ॲलर्जी असेल, तर ती स्पष्ट सांगावी. ब्रिटनमध्ये १४ प्रमुख ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे खाद्यविक्रेत्यांना बंधनकारक आहे.

*प्रकृतीची पूर्वतयारी.* निघण्याआधी दोन महिने हिमोग्लोबिन, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासा, म्हणजे उणीव भरून काढायला वेळ मिळतो. दात तपासून घ्या, चष्म्याचा नंबर लिहून द्या. लसींची नोंद सोबत असावी. ब्रिटनमध्ये पोहोचताच जवळच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवावे. आजारी पडेपर्यंत थांबू नये. तातडीच्या सल्ल्यासाठी १११ आणि जिवावरच्या प्रसंगी ९९९ हे क्रमांक पाठ असावेत. हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असा सल्ला तेथील आरोग्यखाते सर्वांनाच देते. सावळ्या त्वचेच्या आपल्या मुलांना तो अधिकच लागू आहे.

*आणि तुम्ही भेटायला जाणार असाल तर?* रोजची औषधे, विशेषतः इन्शुलिन, हातातल्या पिशवीत ठेवावीत. विमानात दर तासा-दीड तासाने उठून चालावे. आरोग्यविमा काढल्याशिवाय निघू नये. दिवसाला एकच ठिकाण पाहावे. मोठ्या संग्रहालयांत चाकांची खुर्ची मिळते, ती मागायला संकोच करू नये.

आणि रोजच्या फोनवर?

‘जेवलास का’ हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: आज ताटात काय होते, पाण्याची बाटली किती वेळा भरली, आणि रविवारी कुठे गेला होतास. तो चिडेल. माझी लेकही चिडली होती. म्हणून चौकशीसारखे विचारू नका. आधी स्वतःचे ताट दाखवा, मग त्याचे आपोआप समोर येते.

मुलांकडून एक वचन मात्र घ्या. आजारी पडल्यास त्याच दिवशी कळवायचे. लेकीने आम्हाला तीन दिवस का सांगितले नाही, असे मी ग्रिनिचहून परतताना विचारले. ती म्हणाली, ‘‘तू औषधांची एवढी पेटी दिलीस, तरी मी आजारी पडले. तुला वाईट वाटलं असतं.’’ मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. आपली काळजी मुलांना ओझे होऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

तिचे हिमोग्लोबिन जूनमध्ये १२.४ झाले. तरी लोहाचा साठा भरून यावा म्हणून गोळ्या पुढे तीन महिने चालू ठेवल्या. सासूबाईंच्या वजनात अडीच किलो परत आले. साडेसातची पंगत अजून मोडलेली नाही. काल लेकीच्या ताटात कारल्याची भाजी होती. आजींना ती खरी वाटेना. त्यांनी ताट जरा फोनजवळ आणायला लावले.